‘रोटेट कर’ म्हणजे नेमकं काय फिरवायचं?

पत्र मुलुंडहून आलंय, बरंच लांब आहे म्हणून कापून देतो.

“काका, वय ४४, बीकेसीत नोकरी. ऑफिसातल्या लोकांच्या नादाने गेल्या दिवाळीपासून गोल्फ सुरू केलं, शनिवार-रविवार प्रॅक्टिसच्या रेंजवर जातो. त्याआधी वीसेक वर्षं टेनिस बॉल क्रिकेट. प्रॉब्लेम असा की ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारला की बॉल सरळ निघतो आणि मग उजवीकडे असा वळतो की शेजारच्या मॅटवरचे लोक थांबून बघतात. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) कधी बॉलच्या डोक्यावर, कधी चार बोटं मागे मातीत. पंचवीस-तीस बॉल झाले की कंबर धरते. कोच एकच सांगतो, रोटेट करा, बॉडी रोटेट करा. पण काय फिरवू? खांदे फिरवले तर बॉल डावीकडे, कंबर फिरवली तर दुखते. व्हिडिओत एक म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो हलू द्या. घरी हॉलमध्ये प्रॅक्टिस करताना पंख्याचं पातं वाकलं, बायको बोलत नाहीये. साठ हजारांचा नवीन ड्रायव्हर बघून ठेवलाय, घेऊ का? आणि मला अरे-तुरेच करा.”

बरं, करतो अरे-तुरे. पंख्याबद्दल माझ्याकडे सल्ला नाही, गुपचूप पातं बदलून आण आणि दोन दिवस भांडी घास. बाकीचं बोलू.

तुझ्या पत्रात एक वाक्य सोन्यासारखं आहे, तुला स्वतःला कळलं नसेल. बॉल “सरळ निघतो आणि मग वळतो”. बॉल कुठे निघतो हे बरंचसं क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग, कुठे बघतोय त्यावर ठरतं, आणि तो पुढे कुठे वळतो हे फेस आणि क्लबचा रस्ता यांच्यातल्या फरकावर. सरळ निघतोय म्हणजे लागताना तुझा फेस टार्गेटकडेच बघतोय, पण क्लब येतोय बाहेरून आत, उजवीकडून डावीकडे कापत. (तू उजव्या हाताने खेळतोस असं धरून चाललोय, डावखुरा असशील तर सगळं उलटं वाच.) बॉल फेसला चिकटलेला असतो तो साधारण सेकंदाचा दोन हजारावा भाग, तेवढ्यात मनगट फिरवून काही दुरुस्त करता येत नाही, जे काय असेल ते आधीच ठरलेलं असतं.

आता क्लब डावीकडे का कापतोय? माझा अंदाज सांगतो, आणि असे शे-दोनशे लोक रेंजवर बघितल्यामुळे अंदाज बऱ्यापैकी पक्का आहे. तुझी ग्रिप वीक आहे, म्हणजे डावा हात क्लबच्या वर नसून बाजूला सरकलेला आहे, त्यामुळे फेस उघडा यायला बघतो, बॉल उजवीकडे जाणार हे तुझ्या अंगाला कळतं आणि अंग बिचारं काय करतं, सगळं ओढून डावीकडे आणतं. तू ज्याला खराब स्विंग म्हणतोयस तो खरं तर तुझ्या अंगाने खराब ग्रिपवर शोधलेला जुगाड आहे. आणि म्हणूनच ‘रोटेट कर’ ऐकून तुझा बॉल सुधारत नाहीये, कारण या ग्रिपवर तू खरंच नीट रोटेट केलंस ना, तर बॉल अजून उजवीकडे जाईल. कोच चुकीचं सांगत नाहीये, फक्त तिसरी पायरी पहिली सांगतोय.

तर आधी हात. घरात एक बादली घे, अर्धी पाणी भर, डाव्या हाताने उचल आणि कडी कुठे बसलीये ते बघ. बोटांत बसते, तळव्यात नाही. तळव्यात धरून बादली उचलून बघ, दोन मिनिटांत हात भरून येतो. क्लबही तसाच बोटांत बसतो, करंगळीच्या मुळापासून तिरका तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, आणि मग तळव्याची करंगळीकडची जाड गादी वरून झाकायची. अंगठा दांड्यावर अगदी मधोमध नको, जरासा उजवीकडे. आता मान खाली करून डाव्या हाताकडे बघ, मूठ वळल्यावर वर येतात ती हाडं, नकल्स, तुला किती दिसतात? दोन दिसायला हवीत, अडीच दिसली तरी चालतील. तुला एकच दिसत असणार, पैज लावतो. अंगठा आणि तर्जनीची जी बेचकी होते ती तुझ्या उजव्या खांद्याकडे रोखलेली पाहिजे, हनुवटीकडे नाही.

उजवा हात पण बोटांतच. उजव्या तळव्याची रेघ डाव्या अंगठ्यावर बसते, अंगठा झाकला जातो आणि उजवी बेचकी डावीच्या दिशेलाच. करंगळीचं काय करायचं यावर लोक तासभर भांडतात. हॅरी वॉर्डनच्या नावाने जी ओळखली जाते त्या पद्धतीत उजवी करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर टेकते, आणि त्या माणसाने १८९६ ते १९१४ मध्ये ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकली, म्हणजे पद्धत वाईट नसावी. जॅक निकलस आणि टायगर वुड्स मात्र करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवतात. हात लहान असतील तर अडकवलेलं बरं, मोठे असतील तर टेकवलेलं, आणि दोन्ही नाही जमलं तर दहा बोटांनी धर, काही आभाळ कोसळत नाही. यात वेळ घालवू नकोस. बेचक्या आणि नकल्स महत्त्वाच्या.

क्रिकेटमुळे गोल्फ बिघडतं असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. मैदानावर लेदर बॉलचं कोचिंग घेतलेल्या पोराला विचार, सर पहिल्याच दिवशी सांगतात वरचा हात धरून ठेव, खालचा सैल. तेच गोल्फमध्ये पाहिजे. पण तू खेळलास टेनिस बॉल, तिथे सगळा खालचा हात, स्लॉग स्वीप आणि मिडविकेटवरून बिल्डिंगच्या काचा. तो खालचा हात आता गोल्फमध्ये टॉपवरून, म्हणजे क्लब पूर्ण वर गेल्यावर खाली आणताना, क्लब बाहेर ढकलतोय. तेव्हा दोष क्रिकेटचा नाही, तुझ्या गल्लीचा आहे.

दाब किती द्यायचा? दहापैकी चार, फार तर पाच. कटिंगचा ग्लास धरतो ना तसा, सुटणार नाही पण चटका बसेल म्हणून कोणी आवळतही नाही. आता हे सांगणं सोपं आहे, मुंबईत करणं कठीण, कारण ऑक्टोबरात सकाळी आठलाच हाताला घाम, ग्रिप बुळबुळीत, आणि बुळबुळीत झाली की माणूस आपोआप आवळतो, आवळलं की मनगट कडक, कोपर कडक, खांदे कानापर्यंत आणि मग फिरायचं कोण? निम्म्या लोकांचं ‘रोटेशन’ घामात अडकलेलं असतं. बॅगेत दोन ग्लोव्ह ठेव आणि आलटून पालटून घाल, एक छोटा नॅपकिन बॅगेला अडकव, आणि क्लबच्या ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन पंख्याखाली वाळव (पंखा तोपर्यंत दुरुस्त झाला असेल). रबर चकचकीत आणि कडक झालं असेल तर ग्रिपच बदल. याच्यावर पैसे खर्च कर, याला मी कधी नाही म्हणणार नाही.

ग्रिप बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस काय होणार ते आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर घाबरून परत जुन्यावर जाशील. बॉल डावीकडे जायला लागेल. चांगला जोरात डावीकडे. कारण फेस सुधारला पण डावीकडे ओढायची सवय अजून अंगात आहे. ही चांगली बातमी आहे, मिठाई वाटायची नाही पण ग्रिपला हात लावायचा नाही. आता अंगाला कळेल की ओढायची गरज उरलेली नाही, आणि आता फिरायचं शिकवता येईल.

त्याआधी उभं राहणं. तू रोज लोकलने जातोस. गर्दी कमी असताना डब्यात मध्ये, हँडल न धरता कधी उभा राहिलायस? गुडघे आपोआप सैल होतात, वजन टाचेवरून सुटून चवड्यांच्या जरा मागे येतं, पाय खांद्याएवढे फाकतात, गाडीने ब्रेक मारला तरी पडत नाहीस. झालं, पाय झाले. (दारात उभं राहून ट्राय करू नकोस, बायको आधीच बोलत नाहीये.) आता फक्त वाकायचं, आणि इथेच सगळे मार खातात, कारण वाकणं म्हणजे पाठीला कुबड काढणं अशी आपली समजूत, दिवसभर लॅपटॉपसमोर तेच तर करतो. वाकायचं खुब्यातून. भिंतीकडे पाठ कर, टाचा भिंतीपासून एक वीत लांब, पाठ सरळ ठेवून बूड मागे ने, भिंतीला टेकेपर्यंत. टेकलं की थांब. आता हात खांद्यातून सरळ खाली लोंबकळू दे, ते जिथे लोंबतायत तिथेच क्लब धरायचा, पुढे ताणायचा नाही. सेव्हन आयर्नला क्लबचं ग्रिपकडचं टोक आणि मांडी यात मुठीएवढं अंतर राहिलं पाहिजे, ड्रायव्हरला थोडं जास्त.

अजून एक, तुझं वय ४४ म्हणून विचारतो, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे का? असेल तर बॉलकडे बघताना भिंगाच्या खालच्या भागातून धुरकट दिसतं, मग माणूस हनुवटी छातीत खुपसतो म्हणजे वरच्या भागातून दिसेल, आणि हनुवटी खाली गेली की डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागाच राहत नाही, खांदा अडतो आणि हात एकटेच वर जातात. खेळायला साधा लांबचा चष्मा वेगळा ठेव. मी स्वतः यात दोन वर्षं घालवलीत, कोणी सांगितलं नव्हतं.

बॉल ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, सेव्हन आयर्नला साधारण मधोमध, फार तर बोटभर पुढे. यात अजून खोलात जायची गरज नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, फिरवायचं काय. कंबर नाही! हे मोठ्या अक्षरात लिहून आरशावर चिकटव. मणक्याचा खालचा भाग, जिथे तुझं दुखतं तो, फिरायला बनलेलाच नाही, पाच मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश फिरतात. फिरतो तो छातीमागचा मणका आणि खुब्याचे सांधे. चांगल्या बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, खांदे साधारण ९० अंश वळतात आणि पेल्व्हिस, म्हणजे पँटचा बेल्ट समज, साधारण ४५. तू दिवसभर खुर्चीत बसतोस, त्यामुळे खुबे आखडलेत, छाती आखडलीये, मग जे फिरायचं ते फिरत नाही आणि जे फिरायचं नाही त्या बिचाऱ्या कमरेवर सगळा भार येतो. म्हणून दुखतं.

आजीचं जातं आठवतंय का? मधली खीळ जागेवर, वरची तळी तिच्याभोवती फिरते, सरकत नाही. सरकली तर पीठ नाही पडणार, नुसता खडखडाट. तुझा कणा ती खीळ. बॅकस्विंगला तू उजवीकडे सरकतोयस, फिरत नाहीयेस, आणि खाली येताना परत त्याच जागी पोचणं तुला जमत नाही, म्हणून कधी बॉलच्या डोक्यावर, कधी मागे मातीत. फक्त जातं सपाट असतं आणि तुझा कणा पुढे झुकलेला आहे, म्हणून खांदे जमिनीला समांतर नाही फिरणार, डावा खांदा बॉलच्या दिशेने खाली जाईल. हे कळलं की निम्मं काम झालं.

घरी करायचं ते असं. परत तीच भिंत, बूड टेकवून उभा, छत्री खांद्यांवर आडवी धर, हात छातीवर घडी. उजवीकडे वळताना बुडाची उजवी बाजू भिंतीला घासत मागे गेली पाहिजे, डावी सुटेल, सुटू दे. परत येताना डावी बाजू भिंतीला लागली पाहिजे. खाली येताना दोन्ही बाजू भिंतीपासून सुटत असतील तर समज की तू बॉलकडे पोट पुढे काढून धावतोयस. हा अवगुण रेंजवर दर दुसऱ्या माणसाला आहे आणि कंबरदुखीचं मोठं कारण तेच. रोज वीस वेळा, सावकाश, भिंतीचा आधार घेऊन. पंखा लागत नाही, जागा लागते एका माणसाची, मुंबईच्या हॉलला परवडते.

अंग फारच आखडलं असेल तर बॅकस्विंगला डावी टाच उचलू दे. निकलस उचलायचा. डावा पंजा सुरुवातीलाच थोडा बाहेर वळवून ठेवलास तर पुढे फिरायलाही सोपं जातं. डोक्याचं म्हणशील तर खिळा मारल्यासारखं धरून ठेवू नकोस, दोन-तीन बोटं हललं तर हलू दे, जबरदस्तीने अडवलेल्या डोक्याने वजन उलटं डाव्या पायावर राहतं. डावा हात लांब, कडक नाही. झाला तुझ्या व्हिडिओंचा निकाल.

आणि खाली येताना पहिलं काय हलवायचं, इथे मात्र तू नशीबवान आहेस. बाउंड्रीवरून कीपरकडे थ्रो कसा मारायचास? आधी डावा पाय पडतो, मग कंबरेचा बेल्ट वळतो, मग छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी येऊन सुटतो. हात आधी सोडला तर बॉल पिचच्या अलीकडेच टप्पा खातो. गोल्फचा डाउनस्विंग तंतोतंत हाच आहे, पायापासून वर. तुझं काय होतंय, टॉपवर पोचलास की खांदे आणि उजवा हात आधी सुटतात, म्हणूनच ‘खांदे फिरवले तर बॉल डावीकडे’. हॉलमध्ये क्लब न घेता थ्रोची शॅडो कर, मग छत्री उलटी धरून, दोन्ही पाय जुळवून मागे ने आणि पुढे येताना आधी डावा पाय टाक, मग छत्री. प्लॅटफॉर्मवर फास्ट लोकलची वाट बघताना लोक छत्रीने कव्हर ड्राइव्ह मारतातच, तू हे कर, कोणी वळून बघणार नाही. घाई नको, वर जायला जेवढा वेळ त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात खाली येतात चांगले खेळाडू, पण वर जाणं निवांत असतं म्हणून ते जमतं.

चेंबूरला गोल्फ कोर्सच्या आसपासच्या वस्तीत कॅडी पोरं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारी, गल्लीत गोल्फ खेळायची ते मी बघितलंय. लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब, वर पाइपचा तुकडा ग्रिप म्हणून, प्लास्टिकचा बॉल, आणि दोन्हीकडे घरं, मध्ये गटार. तिथे फुल स्विंग मारायला जागा नाही, स्लाईस (तुझा तो उजवीकडे वळणारा शॉट) मारलास तर बॉल कोणाच्या तरी चुलीपाशी. त्या पोरांचे अर्धे स्विंग बघ, हात जवळजवळ शांत आणि छाती फिरते. जागा नसल्यामुळे त्यांना जे आलं ते आपल्याला अडीचशे यार्डांच्या रेंजवर येत नाही. म्हणून तूही अर्ध्यापासून सुरू कर, हात कमरेच्या वर न्यायचेच नाहीत, दोन्ही बगलेत नॅपकिनची घडी, ती पडली नाही पाहिजे, वेज किंवा नाइन आयर्न (दोन्ही जवळ मारायचे क्लब), आणि बॉल कुठे जातो ते बघायचं नाही, फक्त शेवटी बेल्टचं बक्कल टार्गेटकडे आलंय का ते बघायचं. मोबाइल बॅगेला टेकवून मागून एक आणि समोरून एक व्हिडिओ घे, कारण आपल्याला जे वाटतं आणि आपण जे करतो त्यात भयंकर फरक असतो, मला पहिला व्हिडिओ बघून लाज वाटली होती.

पहिले दोन आठवडे तर रेंजवर जाऊच नकोस. बादली, भिंत, छत्री. मग पन्नास बॉलच्या टोपलीतले तीस अर्धे स्विंग, दहा पाय जुळवून, आणि उरलेल्या दहात तुला हवी ती मजा कर.

कंबरेबद्दल सिरियसली एक. नुसती आखडत असेल तर वरच्या गोष्टींनी आणि खेळायच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करून फरक पडेल, ऑफिसात दर तासाला खुर्चीवर बसल्या बसल्या, गुडघ्यांत पाण्याची बाटली दाबून, हात छातीवर घेऊन डावी-उजवीकडे छाती फिरव, बाटली पडली तर तू कंबर फिरवतोयस. पण दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा सकाळी उठताना कळ येत असेल तर क्लब ठेव आणि आधी डॉक्टरला दाखव, मी काही डॉक्टर नाही.

राहिला ड्रायव्हर. नको घेऊ. बॅगेत १४ क्लब ठेवायची परवानगी आहे म्हणून १४ लागतात असं नाही, तुला पुढचे तीन महिने वेज, नाइन, सेव्हन, एक हायब्रिड आणि पटर पुरे. साठ हजारांचा ड्रायव्हर त्याच ग्रिपने त्याच रस्त्याने फिरवलास तर बॉल फक्त अजून लांब जाऊन उजवीकडे वळेल. त्यातले थोडे पैसे जुन्या क्लबांच्या ग्रिप बदलायला घाल, दोन बरे ग्लोव्ह घे, आणि उरलेल्यातून हॉलला नवीन पंखा घे, पातं बदलून भागणार नाही असं आता मला वाटायला लागलंय.